रुग्णाशी बोलताना पडणारे प्रश्न: वॉर्डातल्या नव्या सिस्टर-ब्रदरसाठी

सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत मी २७ वर्षं काढली, निम्मी पश्चिम महाराष्ट्रात आणि निम्मी विदर्भात. आता नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी वॉर्डात नेते. रुग्णाची माहिती घेताना ही मुलं जिथे अडखळतात, त्या जागा दरवर्षी जवळजवळ त्याच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

रुग्णाची संस्कृती समजून घेऊन बोला, असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

रुग्णाच्या शब्दांत विचारायचं, म्हणजे केस पेपरवर खरी माहिती चढते. यात सौजन्य आहेच, पण मला ते आधी उपचाराचं काम वाटतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रसूती कक्षात एका बाईंना मी विचारलं, "मुलं किती?" त्या म्हणाल्या, "एक." मी दुसरी खेप लिहिली. खरं तर ती त्यांची पाचवी खेप होती. घरी तीन मुली होत्या, पण त्यांच्या बोलण्यात 'मुलं' म्हणजे मुलगे. पाचव्या खेपेला बाळंतपणानंतर रक्तस्रावाचा धोका वाढतो, तयारी आधीपासून ठेवावी लागते. आमची तयारी दुसऱ्या खेपेची होती आणि रक्तस्राव झाला. डॉक्टरांनी धावपळ करून सांभाळलं, बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. पण ते 'एक' माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तेव्हापासून मी तुकडे करून विचारते. दिवस किती वेळा राहिले? त्यातलं किती जगलं? मुलगे किती, मुली किती? मध्ये कधी पडलं का, पिशवी साफ करावी लागली का? अर्धा मिनिट जास्त लागतो.

परीक्षेसाठी मॅडेलिन लायनिंजर हे नाव तुम्ही पाठ केलं असेल. १९५० च्या दशकात मानसिक त्रास असलेल्या मुलांची शुश्रूषा करताना या अमेरिकन परिचारिकेच्या लक्षात आलं, की वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना 'काळजी घेणं' वेगवेगळं कळतं. मग त्या मानवशास्त्र शिकल्या आणि न्यू गिनीतल्या गॅडसप लोकांमध्ये जाऊन राहिल्या. आपल्याला इतकं लांब जायला नको. आपल्या वॉर्डात एका खाटेवर मेळघाट असतो आणि शेजारच्या खाटेवर सदाशिव पेठ.

हाक काय मारू?

आधी नाव विचारा, मग "तुम्हाला काय म्हणू?" असं विचारा. आजी, काकू, मावशी, दादा, बाबा, भाऊ यातलं त्या गावात जे चालतं ते. पण सरसकट 'आजी' नको. पंचेचाळिशीच्या बाईंना ऊन-कष्टाने रापलेल्या चेहऱ्यावरून 'आजी' म्हटलं की त्या गप्प होतात, आणि का गप्प झाल्या ते आपल्याला कळतही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'तुम्ही'. वॉर्डात बघा, प्राध्यापक बाईंना 'तुम्ही' आणि ऊसतोड करणाऱ्या बाईला 'ए बाई, तू'. प्रसूती कक्षात तर कळा देणाऱ्या मुलीवर ओरडणं हा जणू रिवाजच होता. २०१७ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानाने बाळंतपण आणि सोबतीला घरचं माणूस या दोन्ही गोष्टी आल्या. कागदावर आल्या तशा जिभेवरही यायला हव्यात.

तृतीयपंथी रुग्णांशी बोलताना पंचाईत होते, असं विद्यार्थी सांगतात, कारण मराठीत क्रियापदाला लिंग चिकटतं. आलास म्हणू की आलीस? 'तुम्ही' म्हणा, "कधी आलात?" म्हणा, प्रश्न सुटला. "कसे आहात, कशा आहात" ऐवजी "बरं वाटतंय का?" आधार कार्डावर एक नाव आणि बोलण्यात दुसरं असेल, तर कागदावर कागदाचं लिहा आणि हाक त्यांनी सांगितलेल्या नावाने मारा. आपली ओळख आपण ठरवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच मान्य केला आहे. तपासणीशी संबंध नसलेले शरीराबद्दलचे प्रश्न विचारू नका, आणि 'बघायला' आलेल्या इतर स्टाफला पडद्याबाहेर काढा.

आजी नवऱ्याचं नावच सांगत नाहीत. फॉर्म अडतो.

जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. त्यात हट्ट नाही, आठवत नाही असंही नाही. केस पेपरच्या खिडकीवर मी एक आजी पाहिल्या. मागे रांग वाढतेय, आतून "बोला लवकर" चाललंय आणि आजी पदर तोंडाला लावून उभ्या. मागच्या पोरीने हळूच सुचवलं, "आजी, उखाण्यात घ्या की." आजींनी चार ओळींचा उखाणा घेतला, शेवटच्या ओळीत नाव आलं आणि रांगेतल्या बायका खूश झाल्या. इतका वेळ नसेल तर आधार कार्ड बघा किंवा सोबतच्या नातवाला विचारा. शुद्धीवर आहे की नाही हे तपासायला मात्र हा प्रश्न वापरू नका. नाव सांगितलं नाही म्हणून 'भान नाही' असं लिहिलेला पेपर मी वाचला आहे.

वय विचारलं की "असेल साठ-सत्तर" म्हणतात. काय लिहू?

त्यांच्या आठवणीतला खांब धरा. बहात्तरच्या दुष्काळात केवढ्या होतात? खडी फोडायला गेला होतात का? कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७) तेव्हा शाळेत होतात का? लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, सगळ्यांना आठवतो.

पाळीची तारीखही अशीच निघते. "नागपंचमीच्या आदल्या दिवशी" हे उत्तर अगदी अचूक असतं, फक्त आपल्याकडे कॅलेंडर हवं. प्रसूती कक्षाच्या टेबलाजवळ कालनिर्णय टांगलेलं ठेवा. मुसलमान बाई ईद किंवा मोहरमवरून सांगतील, तेही त्यात सापडतं.

दुखण्याचं वर्णन इतक्या तऱ्हेने करतात की काय लिहावं कळत नाही.

ही अडचण नाही, ठेवा आहे. केस पेपरवर आपण एकच 'पेन' लिहितो. रुग्णाकडे ठणका आहे, कळ आहे, चमक आहे, मुरडा आहे, आग, जळजळ, उसण, पेटका, गोळा, टोचणं, ओढ लागणं आहे. ठणका म्हटलं की पू झालाय का बघावं. कळ येते-जाते. मुरडा पोटाचाच. रुग्णाचा शब्द अवतरणात जसाच्या तसा लिहा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

'चक्कर' हा शब्द तर उलगडून घेतल्याशिवाय लिहूच नका. घर गरगर फिरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की तोल जातो? तिन्हींची कारणं वेगळी.

आणि पुरुष "गॅस झालाय, छातीत भरून आलंय" म्हणाला तर ते गॅस म्हणून सोडू नका. घाम सुटला का, हात-जबडा भरून येतो का ते विचारा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा.

"कोणतं औषध घेता?" याला "काही नाही" म्हणतात आणि मग पिशवीतून दहा पुड्या निघतात.

कारण त्यांच्या लेखी 'औषध' म्हणजे दवाखान्यातलं. बीपीची ती 'रोजची गोळी'. वैदूची पुडी, काढा, झाडपाला, भस्म, होमिओपॅथीच्या साखरगोळ्या, मेडिकलवाल्याने दिलेली 'दुखायची गोळी' यातलं काहीच औषधात मोजलं जात नाही. प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा आणि "पिशवी दाखवता का?" म्हणा. दुखायच्या गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तर मूत्रपिंडाला धोका असतो. काही भस्मांत शिसं, पारा असू शकतो. हे सांगायचं ते माहिती हातात आल्यावर, विचारताना नाही. विचारतानाच कपाळावर आठी आली की पुढची पुडी पिशवीतच राहते.

आता याच शब्दाची दुसरी बाजू. रात्री नातेवाईक गडबडीत पोराला घेऊन येतात आणि म्हणतात, "यानं औषध घेतलंय." खेड्यात याचा अर्थ एकच, फवारणीचं किंवा तणाचं औषध प्यायलाय. शहरात वाढलेल्या एका विद्यार्थिनीने यावर विचारलं, "मग बरं नाही वाटलं का?" तिचा दोष नव्हता, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. अशा वेळी विचारायचं ते एवढंच. कोणतं? डबा कुठेय? किती वेळ झाला? घरी काही पाजलं का, उलटी करवली का? डबा आणलेला नसेल तर घरी फोन करून लेबलचा फोटो मागवा. सगळी कीटकनाशकं सारखी नसतात, उपचार बदलतात.

कधी पिकावर फवारतानाच विष अंगात जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. म्हणून "मुद्दाम घेतलंस का?" हा पहिला प्रश्न नको. मुद्दाम घेतलेलं असलं तरी घरचे पोलिसांच्या भीतीने लपवतात. त्यांना सांगा की उपचार आधी, नोंद नियमाने होईल, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, ती नोंद त्याला शिक्षा करण्यासाठी नसते. शुद्धीवर आल्यावर एकट्याशी बोला. "जगणं नकोसं वाटतं का? अजूनही जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. घरी सोडताना टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या.

तंबाखूचं खरं कोणी सांगत नाही.

बऱ्याचदा प्रश्नच चुकलेला असतो. "तंबाखू खाता का?" "नाही." हे खरंच असतं, कारण बाई तंबाखू खात नाहीत, मिश्री लावतात. दिवसातून चार वेळा. मिश्री, गुटखा, खर्रा, बिडी, तपकीर, एकेकाचं नाव घ्या. विदर्भात खर्रा विचारल्याशिवाय यादी पुरी होत नाही. दारूचं बापासमोर किंवा बायकोसमोर विचारू नका. लिव्हरच्या रुग्णाचं तर नाहीच.

सून रुग्ण आहे, पण सगळी उत्तरं सासूच देते.

सासूला बाजूला सारू नका. तिला राग आला तर उद्या सुनेला दवाखान्यात येऊ देणार नाही. आधी तिचं ऐका, तिला खरंच बरंच माहीत असतं. मग म्हणा, "मावशी, आता तपासायचंय, पाच मिनिटं बाहेर बसा, सगळ्यांनाच सांगतो आम्ही असं." पडद्याआड सुनेला तेच प्रश्न पुन्हा. दिवस, पाळी, गोळ्या आणि घरात मारहाण होते का हे तिथेच विचारता येतं. उत्तर 'नाही' आलं आणि हातावर वळ दिसले, तर जबरदस्ती नको. "कधी बोलावंसं वाटलं तर मी आहे" एवढं म्हणा. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रं आहेत, तिथे पाठवता येतं.

तिने सांगितलेलं सासूला कळता कामा नये. ड्यूटी बदलताना हँडओव्हरच्या वेळी खाटेशेजारी उभं राहून मोठ्याने वाचायचं नाही. एचआयव्हीची नोंद तर अजिबात नाही, तिथे गुप्तता २०१७ च्या कायद्यानेच बांधलेली आहे.

बायकांच्या दुखण्याबद्दल विचारायला लाज वाटते, त्यांनाही आणि मलाही.

१९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापला. ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. दुखणं होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

शब्द त्यांचे वापरा. अंगावरून पांढरं जातं का, लाल जातं का? अंग बाहेर येतं का? पाळीला कुठे 'कावळा शिवला' म्हणतात, कुठे 'अडचण', कुठे 'बाहेर बसणं'. तुम्ही सहजपणे 'पाळी' म्हणा, त्याही म्हणतील. एटापल्ली-भामरागडकडून आलेली माडिया मुलगी पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या कुर्माघरात राहत असेल. तिथे तिला ताप आला होता का, साप-विंचू चावला का, खायला काय होतं, हे आपल्या कामाचं. ती प्रथा बरी की वाईट यावर माझं मत ठाम आहे, ती जायला हवी. पण ताप चढलेल्या मुलीला ते मत ऐकवून तिचा ताप उतरत नाही.

बीड भागातली तिशी-पस्तिशीची बाई "पिशवी काढलीय" म्हणाली तर नुसती टिक करू नका. कुठे काढली, का काढली, कागद आहेत का, हे विचारा. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या वाढल्या की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

आधी भगताकडे जाऊन येतात. रागावू नको तर काय करू?

विचारा. मेळघाटात भूमका, इतरत्र भगत, देवऋषी. "आधी कुणाला दाखवलं? त्यांनी काय सांगितलं? काय दिलं?" मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डम्मा म्हणतात. काविळीलाही कुठे कुठे डाग देतात. ते व्रण तुम्हाला दिसणारच आहेत. आईवर आरडाओरडा केलात तर ती बाळाला उचलून पहाटे निघून जाईल, असं घडलेलं मी पाहिलं आहे. जखम साफ करा, बाळ स्थिर होऊ द्या, आणि दोन दिवसांनी तिच्याशी त्यावर बोला. तोवर तिचा तुमच्यावर विश्वास बसलेला असतो.

आर्थर क्लाइनमन या अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये रुग्णाला विचारायचे आठ प्रश्न सुचवले होते. मी त्यातले तीन मराठीत असे विचारते. "हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? तेव्हाच का सुरू झालं असावं? यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" तिसऱ्या प्रश्नाला डोळ्यांत पाणी येतं. तिथे थांबा, पेन खाली ठेवा.

भीती आपल्या इमारतीचीही असते. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने रुग्णालय काढताना आधी आदिवासींनाच विचारलं. तुमच्या दवाखान्यात आमचा देव कुठे आहे, सोबतच्या नातेवाइकांनी राहायचं कुठे, पांढरे कपडे तर आम्ही मढ्यावर घालतो, असं त्यांच्याकडून कळलं. म्हणून तिथे झोपड्यांसारख्या छोट्या इमारती आहेत आणि रुग्णालयाला दंतेश्वरी देवीचं नाव आहे. आपण आपली इमारत पाडू शकत नाही. पण आजीला खाटेजवळ देवाचा फोटो ठेवू देऊ शकतो.

मला रुग्णाची भाषाच येत नाही.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, माडिया आणि गोंडी द्राविडी कुळातल्या. मराठी हळू आणि मोठ्याने बोलून त्या समजत नाहीत. त्या भागातली आशाताई किंवा वॉर्डातली मावशी शोधा. लहान मुलाला दुभाषी करू नका. आईच्या अंगावरून जाण्याबद्दल दहा वर्षांच्या पोराने काय सांगायचं? दुभाषी असला तरी तोंड रुग्णाकडे ठेवा आणि एका वेळी एकच वाक्य बोला.

नावावरून भाषा ठरवू नका. मुसलमान नाव दिसलं की आपण हिंदी सुरू करतो, आणि रत्नागिरीच्या चाची अस्सल कोकणीत उत्तर देतात. "कोणत्या भाषेत बोलू?" विचारा. केरळहून आलेल्या कितीतरी सिस्टर इथे मराठी शिकल्या, मोडकी बोलल्या, आणि रुग्णांनी त्यांना जीव लावला. दहा शब्द शिका. दुखतं, कुठे, पाणी, ताप, घाबरू नका.

उपास आणि रोजा यांचं काय?

"उपास आहे" यावर थांबू नका. निर्जळी की फराळाचा? इन्सुलिन घेऊन निर्जळी केली तर साखर धोक्याइतकी खाली जाते, आणि साबुदाणा-बटाट्याच्या फराळाने ती चढते. रमझानमध्ये सहरी-इफ्तारच्या वेळा लिहून घ्या आणि डोस बदलायचं डॉक्टरांना विचारा. काही जैन रुग्ण सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, रात्रीच्या गोळीचं आधीच ठरवा. धर्मात आजाऱ्याला सूट आहे, हे आपण सांगायचं नाही. ते रुग्णालाच माहीत असतं, किंवा त्यांच्या मौलवींना, महाराजांना.

रुग्णाने माझं आडनाव विचारलं आणि दुसरी सिस्टर मागितली.

हे होतं, आणि लागतं. तुम्ही शांतपणे "आज ड्यूटी माझी आहे" म्हणा आणि इन्चार्ज सिस्टरना सांगा. जात-धर्म बघून माणूस बदलून द्यायचा नाही, ही जबाबदारी इन्चार्जची, तुमच्या एकटीची नाही. पुरुष ब्रदरऐवजी बाई मागणाऱ्या महिला रुग्णाची गोष्ट वेगळी. ती मागणी शक्य तिथे पुरवावी. आपणही रुग्णाचं आडनाव उकरू नये. फॉर्मवर प्रवर्गाचा रकाना असेल तर "योजनेसाठी लागतं" असं कारण सांगून सरळ विचारावं.

"बाबांना कॅन्सरचं सांगू नका" असं मुलगा म्हणतो.

निदान सांगणं डॉक्टरांचं काम. पण रात्री दोन वाजता बाबा तुम्हालाच विचारणार. खोटं बोलू नका. "तुम्हाला काय वाटतं? किती सगळं कळावंसं वाटतं?" असं विचारा. काही म्हणतात, मुलाला सांगा, मला नको. काहींना सगळं ठाऊक असतं, ते मुलाला जपत असतात. जे बोलले ते सकाळी डॉक्टरांना सांगा.

"समजलं का?" म्हटलं की सगळे "हो" म्हणतात.

म्हणणारच. सिस्टरना नाही कसं म्हणायचं? त्याऐवजी विचारा, "घरी गेल्यावर सूनबाईला कसं सांगाल?" एका आजोबांना थायरॉइडची गोळी 'उपाशीपोटी' घ्यायला सांगितली होती. दोन महिन्यांनी आले, त्रास तसाच. ते ती फक्त एकादशीला आणि सोमवारी घेत होते, उपासाच्या दिवशी. आता मी म्हणते, "सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, रोज." मग त्यांच्याकडून तेच वाक्य ऐकून घेते.

एका सिस्टरवर चाळीस रुग्ण. एवढं विचारायला वेळ कुठून आणू?

नाही मिळत, आणि ती तुमची चूक नाही. भरती व्हायला हवी, ते मागत राहू. तोवर सलाइन लावताना, ड्रेसिंग करताना, बीपीचा पट्टा फुगवताना बोला. हात कामात असले की लोक जास्त सांगतात. जे कळलं ते एका ओळीत पेपरवर उतरवा, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरना त्या आजींना पुन्हा नवऱ्याचं नाव विचारावं लागणार नाही.